दारे-खिडक्यांचे काम बिघडल्यास ठेकेदाराकडून ते दुरुस्त कसे करून घ्यावे

ठाण्यातल्या आमच्या जुन्या सदनिकेच्या सहा खिडक्या आणि दोन दारे आम्ही एप्रिल महिन्यात बदलून घेतली. काम दिसायला सुबक होते, ठेकेदाराने कबूल केल्याप्रमाणे ते आठ दिवसांत संपवले आणि आम्ही जवळजवळ सगळे पैसे देऊन मोकळे झालो. जूनमध्ये पश्चिमेकडून पावसाची झड बसू लागली तेव्हा दिवाणखान्याच्या खिडकीखालून पाणी आत आले, महिनाभरात त्या भिंतीचा रंग फुगून पोपडे सुटले आणि न्हाणीघराचे नवे दार चौकटीत अडकू लागले. ठेकेदाराचे म्हणणे असे की पाणी इमारतीच्या बाहेरच्या भिंतीतून येते. गृहनिर्माण संस्थेचे म्हणणे असे की तुम्ही खिडकी बदलताना भिंत फोडली म्हणून ते येते. ज्या कंपनीचे अॅल्युमिनियम सेक्शन (चौकट आणि झडपा ज्यांपासून बनवतात त्या पट्ट्या) वापरले होते तिच्या विक्रेत्याने सांगितले की आमची हमी मालाची आहे, बसवण्याची नाही.

या तिघांपैकी कोणाचे खरे हे ठरवण्यात आमचे चार महिने गेले, आणि ते एकदा कागदावर ठरल्यानंतर उरलेले सगळे दीड महिन्यात मार्गी लागले. म्हणून या लेखात कायद्यापेक्षा दोष नेमका शोधण्यावर अधिक भर दिला आहे. ‘काम खराब झाले’ या तक्रारीला ठेकेदाराकडे दहा उत्तरे असतात. ‘खालच्या ट्रॅकची पाणी निचऱ्याची भोके गिलाव्याने बुजलेली आहेत’ या तक्रारीला मात्र एकच उत्तर असते.

१. काम अजून चालू असेल तर शेवटचा हप्ता हातात ठेवा

ज्यांचे काम पूर्ण होऊन पैसेही दिले गेले आहेत त्यांनी हा भाग सोडून पुढे जावे. काम अजून चालू असेल, किंवा द्यायचे असेल, तर सर्वांत मोठी सोय याच टप्प्यावर करून ठेवता येते. बयाणा म्हणून सत्तर-ऐंशी टक्के रक्कम मागण्याची पद्धत आपल्याकडे सर्रास आहे, कारण ठेकेदाराला सेक्शन, काच आणि बेअरिंग रोखीने आणावी लागतात. ही त्याची अडचण खरी असली तरी हप्ते कामाच्या टप्प्यांना बांधता येतात: माल घरी आल्यावर एक हप्ता, चौकटी बसल्यावर दुसरा, शटर (सरकणाऱ्या झडपा) आणि काच बसल्यावर तिसरा, आणि सुमारे दहा टक्के रक्कम पहिल्या मोठ्या पावसानंतर. ही शेवटची अट काम सुरू होण्यापूर्वी दरपत्रकावरच लिहून घ्यावी, कारण काम संपल्यावर ती मांडली तर ठेकेदाराला तो पैसे बुडवण्याचा बहाणा वाटतो, आणि त्यात त्याची चूक नसते.

दरपत्रकात ‘अॅल्युमिनियम स्लायडिंग, चौरस फुटाचा भाव अमुक’ एवढेच लिहिलेले असेल तर ते परत पाठवावे. सेक्शनची मालिका, त्याची जाडी किंवा दर मीटरचे वजन, पावडर कोटिंग की अॅनोडायझिंग, काचेची जाडी आणि ती टफन्ड (तापवून मजबूत केलेली) आहे की साधी, ट्रॅक दोन की तीन, मच्छरजाळी, बेअरिंग आणि लॉक यांची बनावट, सिलिकॉनचा प्रकार, जुन्या चौकटी काढून नेण्याचा आणि गिलावा दुरुस्तीचा खर्च, हे सगळे त्यात असायला हवे. बाजारात ‘डोमल’ म्हणून एकाच नावाने विकले जाणारे सेक्शन हलके आणि भारी अशा दोन्ही प्रकारांत मिळतात, त्यामुळे केवळ नाव लिहून घेण्याचा काही उपयोग नसतो. मोजमाप कशाचे धरणार, भिंतीतल्या मोकळ्या जागेचे की चौकटीचे, आणि काचेचे माप पुढच्या तीन किंवा सहा इंचांपर्यंत वाढवून धरणार का, हेही आधीच विचारावे.

दरपत्रकावर जीएसटी क्रमांक असेल तर जीएसटीच्या संकेतस्थळावर तो तपासता येतो. हा क्रमांक पंधरा अक्षरांचा असतो आणि महाराष्ट्रातल्या नोंदणीचा २७ पासून, गोव्यातल्या नोंदणीचा ३० पासून सुरू होतो. पुढे नोटीस पाठवण्याची वेळ आली तर ठेकेदाराच्या व्यवसायाचे कायदेशीर नाव आणि पत्ता याच नोंदीतून मिळतो. ‘बिल नको असेल तर कर वाचेल’ हा प्रस्ताव कितीही मोहक वाटला तरी स्वीकारू नये. पक्के बिल नसले म्हणजे तक्रार करताच येत नाही असे नाही, परंतु किती पैसे दिले आणि कशासाठी दिले हे सिद्ध करण्याचा भार मग पूर्णपणे तुमच्यावर पडतो.

२. दारे-खिडक्या बिल्डरने बसवल्या की तुम्ही नेमलेल्या ठेकेदाराने, हे आधी पाहा

नव्या सदनिकेत ताबा मिळाला तेव्हा ज्या दारे-खिडक्या होत्या त्यांत दोष असेल तर तुमचा मार्ग वेगळा आहे. स्थावर संपदा कायदा, २०१६ याच्या कलम १४(३) नुसार ताब्याच्या तारखेपासून पाच वर्षांच्या आत बांधकामातला, कारागिरीतला किंवा दर्जातला दोष बिल्डरच्या निदर्शनास आणून दिला तर त्याने तो जादा पैसे न घेता तीस दिवसांत दूर करायचा असतो. गळणारी खिडकी आणि वाकलेली चौकट या कारागिरीच्या दोषात येतात. बिल्डरने लेखी पत्राची दखल घेतली नाही तर महारेराकडे, म्हणजे महाराष्ट्र स्थावर संपदा नियामक प्राधिकरणाकडे, ५,००० रुपये शुल्क भरून तक्रार करता येते आणि तिथे समेटाचा मंचही आहे. येथे एक सापळा ध्यानात ठेवावा: बिल्डरने दिलेली खिडकी तुम्ही स्वतः बदलली किंवा तिच्या चौकटीला हात लावला तर त्यानंतर तिच्या गळतीबद्दल बिल्डरला जबाबदार धरणे अवघड होते.

तुम्ही स्वतः नेमलेल्या ठेकेदाराशी वाद असेल तर तो ग्राहक संरक्षण कायद्याच्या कक्षेत येतो. पुढचे टप्पे मुख्यतः त्यासाठी आहेत, परंतु दोष शोधण्याची पद्धत दोन्हीकडे सारखीच उपयोगी पडते.

३. कागद एका ठिकाणी आणा

पुढील गोष्टी एका फाइलमध्ये लावून ठेवाव्यात:

– दरपत्रक, मापांचा कागद आणि त्यात नंतर झालेले बदल
– बिल, पावत्या, बँकेचे किंवा यूपीआयचे उतारे
– ठेकेदाराशी झालेले व्हॉट्सअॅपवरचे संभाषण, तारखांसह
– सेक्शन, लॉक, बेअरिंग यांच्या कंपन्यांची हमीपत्रे
– खिडक्या बदलण्यासाठी गृहनिर्माण संस्थेने दिलेली लेखी परवानगी
– कामापूर्वीची, काम चालू असतानाची आणि दोष दिसल्यानंतरची छायाचित्रे

रोखीने दिलेल्या पैशांची पावती नसेल तर ठेकेदाराला ‘आजवर तुम्हाला एकूण इतके पैसे पोहोचले आहेत, हिशेब बरोबर आहे ना’ असा साधा संदेश पाठवावा. वाद चिघळण्यापूर्वी त्याचे उत्तर बहुधा ‘हो’ असेच येते, आणि ते उत्तर पुढे पावतीचे काम करते. संभाषण मोबाइलमधून पुसू नये आणि ज्या मोबाइलवर ते झाले तो शक्यतो बदलू नये. १ जुलै २०२४ पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमाच्या कलम ६३ प्रमाणे अशा इलेक्ट्रॉनिक नोंदींसोबत प्रमाणपत्र द्यावे लागते. ग्राहक आयोगाचे कामकाज दिवाणी न्यायालयापेक्षा सुटसुटीत असले तरी हे प्रमाणपत्र जोडणे हिताचे असते.

४. दोष स्वतः तपासा

यासाठी टेप, पाणसळ, ओळंबा, गुण्या, पेन्सिल, चिकटपट्टी, प्लॅस्टिकचा मोठा कागद, एक छोटा आरसा आणि पाण्याची नळी एवढे साहित्य पुरते. प्रत्येक खिडकीला आणि दाराला क्रमांक द्यावा आणि निरीक्षणे त्या क्रमांकाखाली लिहावीत.

चौकटीपासून सुरुवात करावी. चौकटीचे दोन्ही कर्ण मोजावेत. ते सारखे आले तर चौकट काटकोनात आहे. घरगुती आकाराच्या खिडकीत दोन-तीन मिलिमीटरपेक्षा जास्त फरक आला तर शटर एका कोपऱ्यात घासणार आणि दुसऱ्या कोपऱ्यात फट राहणार हे निश्चित समजावे. उभ्या बाजूंना ओळंबा लावावा. खालच्या ट्रॅकवर पाणसळ लांबीच्या दिशेने ठेवल्यावर ती सपाट दाखवली पाहिजे, आणि आडवी, म्हणजे आतून बाहेर अशी ठेवल्यावर उतार आतल्या बाजूला तर नाही ना हे पाहावे. आमच्या खिडकीची चौकट घराच्या आत चार मिलिमीटर कललेली होती, आणि हे डोळ्यांना कधीच दिसले नसते.

सरकत्या खिडकीत पाहण्याची सर्वांत महत्त्वाची जागा म्हणजे खालच्या ट्रॅकमधली निचऱ्याची भोके. जोराच्या पावसात ट्रॅकमध्ये पाणी शिरणारच. सरकती खिडकी पूर्ण बंदिस्त नसते, आणि ट्रॅकमध्ये शिरलेले पाणी भोकांवाटे बाहेर जावे अशीच तिची रचना असते. ही भोके पाडलेलीच नसतात, किंवा गिलावा करताना सिमेंटने आणि नंतर सिलिकॉनने बुजतात. खिडकी बंद करून ट्रॅकमध्ये तांब्याभर पाणी हळूहळू ओतावे. ते काही मिनिटांत बाहेर गेले पाहिजे. पाणी तसेच साचून राहिले किंवा ट्रॅकच्या कोपऱ्यातून आतल्या कट्ट्यावर उतरले, तर दोष बसवणाऱ्याचा आहे आणि बाहेरच्या भिंतीचा त्याच्याशी संबंध नाही.

त्यानंतर शटर. ते एका बोटाच्या जोराने सरकले पाहिजे. बंद स्थितीत दोन शटर जिथे एकमेकांत अडकतात त्या इंटरलॉकमधून उजेड दिसता कामा नये, आणि कडेची लोकरी पट्टी सलग असली पाहिजे. शटर आतून दोन्ही हातांनी थोडे वर उचलून पाहावे, मात्र हे करताना दुसऱ्या माणसाने ते धरून ठेवावे. ते ट्रॅकमधून सुटण्याइतके वर येत असेल तर ही गळतीपेक्षा गंभीर बाब आहे, कारण वादळी वाऱ्यात असे शटर निखळून खाली पडू शकते. हा दोष आढळला तर बाकी सगळे बाजूला ठेवून त्या दिवशीच ठेकेदाराला लेखी कळवावे आणि ते शटर वापरू नये. टफन्ड काचेचे पैसे दिले असतील तर काचेच्या कोपऱ्यात उत्पादकाचा न पुसणारा शिक्का असतो, तो पाहावा. टफन्ड झालेली काच नंतर कापता येत नाही, त्यामुळे ‘साइटवर कापताना शिक्का गेला’ हे उत्तर मान्य करू नये.

आता गळतीची मुख्य परीक्षा. पाणी जिथे दिसते तिथूनच ते आत आलेले असते असे नाही, म्हणून खिडकीवर एकदम पाइप मारण्याला अर्थ नाही. एका वेळी एकच जागा भिजवायची आणि खालून वर जायचे, हा या परीक्षेचा नियम आहे. प्रथम खिडकी प्लॅस्टिकच्या कागदाने आणि चिकटपट्टीने पूर्ण झाकून फक्त आजूबाजूची भिंत भिजवावी. दहा-पंधरा मिनिटे थांबून आत पाणी आले का ते पाहावे. आले तर दोष भिंतीचा असण्याची शक्यता मोठी आहे, आणि बाहेरच्या भिंतीच्या दुरुस्तीची जबाबदारी गृहनिर्माण संस्थेकडे जाते. नाही आले तर कागद काढून चौकट आणि कट्टा यांच्यामधला खालचा सांधा तेवढाच भिजवावा, मग दोन्ही बाजूंचे सांधे, मग वरचा सांधा, आणि सर्वांत शेवटी शटर. पाणी वरून सोडले तर ते सगळ्याच सांध्यांवरून ओघळते आणि काहीच कळत नाही. फवारा झारीसारखा मऊ असावा. एकाने बाहेर नळी धरावी आणि दुसऱ्याने आत वेळ लिहीत उभे राहावे. आम्ही पहिल्या मजल्यावर असल्यामुळे शिडी पुरली. वरच्या मजल्यांवर खिडकीतून वाकून हा प्रयोग कोणीही करू नये, दोरावरून वॉटरप्रूफिंग करणारे कामगार बोलवावेत.

भर पावसाळ्यात भिंत आधीच ओली असते आणि ही परीक्षा फसवी निकाल देते. पावसाची तीन-चार दिवस उघडीप मिळेपर्यंत थांबावे आणि दरम्यान भिंतीवरच्या ओलीच्या कडेला रोज पेन्सिलने रेघ मारून तारीख घालावी. पाऊस ज्या दिवशी पश्चिमेकडून झोडपत आला त्याच दिवशी रेघ पुढे सरकली, हे नुसत्या रेघांवरून दिसते. आमच्या बाबतीत भिंत भिजवली तेव्हा आतली बाजू कोरडी राहिली आणि खालचा सांधा भिजवल्यावर सात मिनिटांत कट्ट्यावर पाणी आले. त्या सांध्यातले सिलिकॉन बोटाने ओढल्याबरोबर पट्टीसारखे सुटून आले, कारण ते सिमेंटच्या धुळीवरच भरलेले होते. शिवाय ते उग्र, व्हिनेगरसारखा वास येणाऱ्या प्रकारचे होते. सिमेंट आणि संगमरवर यांवर हा प्रकार नीट धरत नाही, तिथे न्यूट्रल प्रकारचे सिलिकॉन लागते.

दारांच्या बाबतीत पावसाळ्यात फुगणे आणि चौकट चुकणे यांत गल्लत होते. दार बंद करून चौकट आणि झडप यांच्यामधली फट चारही बाजूंनी पाहावी. लॉकच्या बाजूची फट वरपासून खालपर्यंत सारखीच कमी झाली असेल तर लाकूड ओलीने फुगले आहे. फट वर बंद आणि खाली रुंद अशी तिरपी असेल तर बिजागरी ढिली पडली आहे किंवा चौकट ओळंब्यात नाही. अर्धे उघडून सोडलेले दार आपोआप उघडत किंवा मिटत असेल तर चौकटीकडेच बोट जाते. फुगण्याचे कारण शोधण्यासाठी दाराखाली आरसा सरकवून खालची कड पाहावी. तिथे रंग किंवा पॉलिश नसून कोरे लाकूड दिसत असेल तर ओल तिथूनच शिरते, आणि झडपेची वरची व खालची कड बंद न करणे ही निर्विवाद कारागिरीची चूक आहे. ऑगस्टमध्ये ठेकेदार येऊन नुसता रंधा मारून जातो, आणि मार्चमध्ये लाकूड सुकले की त्याच जागी फट पडते. म्हणून रंधा मारण्यापूर्वी कडा बंद करून देण्याचे कबूल करून घ्यावे.

५. ठेकेदाराला घरी बोलावून संयुक्त पाहणी करा

सापडलेले दोष फोनवर सांगू नयेत. ठेकेदाराला दिवस आणि वेळ देऊन बोलवावे आणि तीच परीक्षा त्याच्यासमोर पुन्हा करावी. आवाज चढवण्याने काहीही साधत नाही. बहुतेक ठेकेदारांनी बसवण्याचे काम रोजंदारीवरच्या फिटरला दिलेले असते आणि तो काय करून गेला हे त्यांनाही ठाऊक नसते. डोळ्यांसमोर पाणी आत येताना पाहिले की बोलण्याचा सूर बदलतो. पाहणी संपल्यावर त्याच जागी एका कागदावर खिडकी-दाराचा क्रमांक, दोष, करायची दुरुस्ती आणि तारीख लिहून दोघांनी सही करावी. तो सही करायला तयार नसेल तर त्या कागदाचे छायाचित्र काढून त्याला लगेच पाठवावे आणि खाली ‘आज आपल्यासमोर ही पाहणी झाली, यात काही चुकीचे असेल तर दोन दिवसांत कळवावे’ असे लिहावे.

या वेळी तो ‘बाहेरून आणखी सिलिकॉन मारून देतो’ असे म्हणेल. जुने सिलिकॉन खरवडून, जागा कोरडी आणि स्वच्छ करून मगच नवे भरले पाहिजे. जुन्यावर नवा थर दिला तर तो पुढच्या पावसात सुटतो, आणि निचऱ्याची भोके बाहेरून बुजली तर गळती वाढते.

६. लेखी पत्र पाठवा

ठरलेल्या तारखेला काम झाले नाही तर पंधरा दिवसांची मुदत देणारे पत्र स्पीड पोस्टाने पाठवावे, पोहोचल्याची नोंद जपून ठेवावी आणि तेच पत्र ईमेल आणि व्हॉट्सअॅपवरही पाठवावे. पत्रात संताप, आरोप किंवा पोलिसांची धमकी नसावी. आम्ही पाठवलेल्या पत्राचा गाभा असा होता:

‘आपण दि. … रोजीच्या दरपत्रकानुसार आमच्या सदनिकेत सहा खिडक्या व दोन दारे बसवली. त्यापोटी आपणास एकूण … रुपये मिळाले आहेत. दि. … रोजीच्या संयुक्त पाहणीत पुढील दोष आढळले: (१) खिडकी क्र. २ च्या ट्रॅकमधील निचऱ्याची भोके बुजलेली आहेत. (२) तिची चौकट आतील बाजूस कललेली आहे. (३) खालच्या सांध्यातील सिलिकॉन सुटले आहे. (४) दार क्र. २ च्या वरच्या व खालच्या कडा बंद केलेल्या नाहीत. हे पत्र मिळाल्यापासून पंधरा दिवसांत सदर दोष विनामूल्य दूर करावेत. तसे न झाल्यास आम्ही हे काम अन्य कारागिराकडून करून घेऊ व त्याचा खर्च, भिंतीच्या नुकसानीसह, आपणाकडून वसूल करण्यासाठी ग्राहक आयोगाकडे दाद मागू.’

काही रक्कम देणे बाकी असेल तर ती का राखून ठेवली आहे आणि कोणते काम झाल्यावर देणार आहात, हेही याच पत्रात लिहावे. कारण न सांगता पैसे थांबवले तर ‘पैसे दिले नाहीत म्हणून काम अर्धवट सोडले’ ही सबब त्याला मिळते.

७. दुसऱ्या कारागिराला बोलावण्यापूर्वी तज्ज्ञाचा अहवाल घ्या

या टप्प्यावर सर्वाधिक माणसे चुकतात. घरात पाणी येत असते, मुदत उलटलेली असते, म्हणून दुसरा कारागीर बोलावून खिडकी उखडली जाते आणि पहिल्याच्या चुकीचा सगळा पुरावा भंगारात जातो. त्यामुळे स्थापत्य अभियंता किंवा वास्तुविशारद यांच्याकडून आधी पाहणी करून घ्यावी आणि मोजमापे, छायाचित्रे, दोषाचे कारण व दुरुस्तीचा अंदाजे खर्च असलेला सहीचा अहवाल घ्यावा. पाहणीची तारीख ठेकेदाराला आधी कळवावी, तो आला नाही तरी कळवल्याची नोंद राहते. ज्या अभियंत्याला दुरुस्तीचे कामही मिळणार आहे त्याचा अहवाल घेऊ नये, त्याच्या निःपक्षपातीपणावर प्रश्न उभा राहतो. दुरुस्ती करताना काढलेले भाग, सुटलेले सिलिकॉन, गंजलेले स्क्रू, वाकलेले ट्रॅक पिशवीत घालून तारखेसह जपून ठेवावेत.

तातडीची गळती थांबवायची असेल तर बाहेरून ताडपत्री लावणे योग्य. ती काढता येते आणि पुरावा बदलत नाही.

८. हेल्पलाइन आणि ग्राहक आयोग

राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनचा क्रमांक १९१५ आहे आणि तिथे मराठीत तक्रार नोंदवता येते. नामांकित कंपनीच्या अधिकृत विक्रेत्याकडून काम करून घेतले असेल तर हिचा चांगला उपयोग होतो. गल्लीतल्या स्वतंत्र ठेकेदारावर तिचा प्रभाव कमी पडतो, तरीही तक्रारीचा क्रमांक फाइलला लावावा. मुंबई ग्राहक पंचायतीसारख्या संस्थांकडून तक्रार लिहिण्याबाबत मार्गदर्शनही मिळू शकते.

तिथे भागले नाही तर जिल्हा ग्राहक तक्रार निवारण आयोग. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार, कामापोटी दिलेली रक्कम ५० लाख रुपयांपर्यंत असेल तर तक्रार जिल्हा आयोगाकडे जाते, आणि ही रक्कम ५ लाखांपर्यंत असेल तर शुल्क लागत नाही, त्यामुळे बहुतेक घरगुती कामे या निःशुल्क गटात बसतात. मर्यादा मोजताना तुम्ही मागितलेली भरपाई धरली जात नाही, प्रत्यक्ष दिलेली रक्कम धरली जाते. तुम्ही जिथे राहता किंवा नोकरी करता त्या जिल्ह्यात तक्रार करता येते, ठेकेदार दुसऱ्या शहरातला असला तरी. पुण्यात किंवा परदेशात राहून कोकणातल्या घराचे काम करून घेणाऱ्यांना ई-जागृती या संकेतस्थळावरून तक्रार दाखल करण्याची सोय विशेष उपयोगी आहे. वकील नेमणे सक्तीचे नाही आणि तक्रार मराठीत लिहिता येते. ‘आमचे दुकान नाही, आम्ही फक्त मजुरीने काम करतो’ असे उत्तर आले तर घाबरू नये: घरबांधणीची सेवा ग्राहक कायद्यात येते हे सर्वोच्च न्यायालयाने १९९३ सालीच लखनौ विकास प्राधिकरणाच्या प्रकरणात स्पष्ट केले आहे.

तक्रारीसोबत घटनाक्रम, कागदपत्रांची सूची, प्रतिज्ञापत्र आणि तिसऱ्या टप्प्यातली फाइल लागते. विरुद्ध पक्ष म्हणून ठेकेदारासोबत, मालात दोष असल्यास, उत्पादक आणि विक्रेता यांनाही जोडावे. नाहीतर ठेकेदार मालाकडे बोट दाखवतो आणि माल बनवणारा समोरच नसतो. मागणी स्वतंत्र कलमांत लिहावी: दोष दूर करणे किंवा रक्कम परत, भिंत व रंगाचा खर्च, अभियंत्याच्या अहवालाचा खर्च, मनस्तापाबद्दल भरपाई, तक्रारीचा खर्च. आकडे पावत्यांना धरून असावेत. फुगवलेली मागणी खऱ्या मागणीचेही वजन घालवते.

मुदतीबाबत अतिशय दक्ष राहावे. तक्रारीचे कारण घडल्यापासून दोन वर्षांच्या आत ती दाखल व्हावी लागते. ‘पुढच्या महिन्यात माणूस पाठवतो’ या गोड आश्वासनांनी ही मुदत वाढत नाही, आणि दोन पावसाळे अशा आश्वासनांतच निघून गेलेली कुटुंबे मी पाहिली आहेत. चाचणीची गरज नसलेले प्रकरण तीन महिन्यांत आणि चाचणी लागणारे पाच महिन्यांत निकाली काढावे अशी कायद्याची अपेक्षा असली तरी प्रत्यक्षात अधिक वेळ लागतो, हे मनाशी धरूनच पुढे जावे. दोन्ही पक्ष तयार असतील तर मध्यस्थीने लवकर सुटका होते. आदेश झाल्यावरही तो पाळला नाही तर कलम ७२ प्रमाणे अंमलबजावणीचा अर्ज करता येतो. त्यात एक महिना ते तीन वर्षे कैद किंवा २५,००० ते १ लाख रुपये दंड, किंवा दोन्ही, अशी तरतूद आहे.

९. दुरुस्ती झाल्यावर

आमच्या ठेकेदाराने अभियंत्याचा अहवाल हातात पडल्यावर, आयोगाकडे जाण्यापूर्वीच, दुरुस्तीची तयारी दाखवली. त्याने चौकट काढून पुन्हा ओळंब्यात बसवली, भोके मोकळी केली, सांधे कोरडे करून न्यूट्रल सिलिकॉन भरले आणि दाराच्या कडा बंद करून दिल्या. भिंतीच्या रंगाचा निम्मा खर्च त्याने दिला आणि आम्ही तो मान्य केला.

अशा वेळी लगेच ‘तक्रार मिटली’ असे लिहून देऊ नये. सिलिकॉन पूर्ण सुकायला किमान एक पूर्ण दिवस द्यावा, मग चौथ्या टप्प्यातली पाण्याची परीक्षा त्याच क्रमाने, त्याच ठेकेदारासमोर पुन्हा करावी. निकाल कोरडा आला तर उरलेली रक्कम बँकेमार्फत द्यावी आणि मिटवण्याच्या कागदात तीन गोष्टी लिहाव्यात: कोणते दोष दूर झाले, या दुरुस्तीची हमी किती काळ आहे, आणि त्या काळात तोच दोष पुन्हा दिसला तर तो किती दिवसांत येईल. आम्ही दोन पावसाळ्यांची हमी आणि सात दिवसांची मुदत लिहून घेतली, आणि कागदाची एक प्रत गृहनिर्माण संस्थेच्या कार्यालयातही दिली, म्हणजे खिडकीखालची भिंत पुन्हा कधी ओली झाली तर तपास पुन्हा पहिल्यापासून सुरू करावा लागणार नाही.